ऑनलाइन घेतलेली वस्तू खराब निघाली तर पैसे परत कसे मिळवायचे: खोकं दारात आल्यापासून ग्राहक आयोगापर्यंत

कोकणात एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आठवड्यातून दोन-तीन जण तरी मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "ह्याचे पैसे परत मिळतील काय?" मी उलट विचारतो: खोकं आलं कधी आणि उघडलं कधी? बहुतेक वेळा तिथेच घोळ असतो.

गेल्या गणपतीनंतर शेजारच्या वाडीतल्या काकी मिक्सर पिशवीत घालून आल्या. मुलाने मुंबईहून मागवून दिलेला. खोकं जुलैत आलं आणि माजघरात जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं गेलं. "झील गणपतीक येतलो, तेवाच उघडूया म्हटलंय." चतुर्थीच्या आदल्या दिवशी वाटपाचं खोबरं भांड्यात घातलं, बटण फिरवलं. खाली मोटर घुमत होती आणि भांड्यातलं पातं जागचं हललं नाही. परत करायची मुदत होती सात दिवसांची. ती जुलैतच संपली होती.

पैसे बुडतात ते बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि माणूस मात्र भांडायला लागतो महिन्याने. म्हणून खालचा क्रम पाळा. मधली पायरी गाळून थेट "कोर्टात खेचतो" म्हणून काही होत नाही.

आधी कायद्याचं एवढं डोक्यात ठेवा

"या वस्तूवर रिटर्न नाही" असं लिहिलेलं दिसलं की लोक हात टेकतात. रंग आवडला नाही, माप चुकलं, मन बदललं, तर ती अट तुम्हाला लागू पडते. वस्तूच खराब, नकली किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळी निघाली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम तसं स्पष्ट सांगतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सदोष माल परत घेऊन बिलावर लिहिलेल्या मुदतीत पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेलीच नसेल तर ती तीस दिवसांची धरतात.

म्हणून तक्रारीत "आवडलं नाही" हे शब्द चुकूनही लिहू नका. ॲपमध्ये कारण निवडतानाही "सदोष" किंवा "वर्णनापेक्षा वेगळी" हेच निवडा. चुकीचं कारण निवडलं की पुढच्या प्रत्येक पायरीवर तेच तुमच्यासमोर धरलं जातं.

पायरी १: ऑर्डर देतानाच

वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा: वर्णन, किंमत, विक्रेत्याचं नाव, परतीची मुदत. हे पान नंतर बदलतं, कधी गायबच होतं. "त्यांनी स्टीलचं म्हणून लिहिलं होतं हो" असं सांगणारे खूप येतात, पण दाखवायला काही नसतं.

गावच्या पत्त्यावर मागवताना फोन नंबर वस्तू घेणाऱ्याचा द्या. मुलगा स्वतःचा नंबर देतो, ओटीपी जातो त्याला लोकलमध्ये, आणि इकडे आई दारात कुरिअरवाल्याला थांबवून ठेवते. शेवटी घाईघाईत खोकं न बघताच घेतलं जातं.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची. पार्सल तुमच्या पिनकोडला पोचतं म्हणजे ते परत न्यायलाही कोणी येईल असं नाही. परतीच्या अटी वाचताना "पिकअप उपलब्ध" आहे की "स्वतः पाठवा" म्हणतात, ते बघा. महागडी किंवा जड वस्तू असेल आणि पिकअप नसेल, तर मी तरी ती कुडाळ-सावंतवाडीच्या दुकानातून घ्यायला सांगतो.

पायरी २: खोकं आलं त्याच दिवशी उघडा

मुदत मोजली जाते ती खोकं तुमच्या हातात पडल्याच्या तारखेपासून. मुलगा कधी येणार, गृहप्रवेश कधी आहे, मुहूर्त कधीचा, याच्याशी तिचा संबंध नाही. भेट द्यायची वस्तू असली तरी उघडा, चालवून बघा आणि मग पुन्हा नीट बांधा.

पावसात खोकं भिजून, चेपून किंवा टेप उसवलेलं आलं तर कुरिअरवाला समोर असतानाच फोटो काढा. खूपच वाईट अवस्था असेल तर घेऊ नका, परत पाठवा. "आधी सही करा, मग बघा" हा आग्रह मानू नका. समोर उघडून दाखवायची सोय असलेली ऑर्डर असेल तर वस्तू डोळ्यांनी बघितल्यावरच ओटीपी सांगा.

मग व्हिडिओ. तो असा काढा:

१. खोकं पडवीत उजेडात ठेवा. एकाने मोबाइल धरावा, दुसऱ्याने उघडावं.
२. आधी वरचं लेबल दाखवा, ज्यावर नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक आहे. मग खोक्याच्या सहाही बाजू आणि न कापलेली टेप.
३. टेप कापण्यापासून वस्तू बाहेर येईपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका. मधे फोन आला आणि व्हिडिओ तुटला, की "मधल्या वेळात वस्तू बदलली" म्हणायला जागा होते. म्हणून फोन आधी फ्लाइट मोडवर टाका.
४. वस्तूवरचा सिरीयल नंबर जवळून, वाचता येईल असा दाखवा.
५. सोबतच्या सगळ्या गोष्टी रांगेत मांडून दाखवा: वायर, झाकणं, भांडी, वॉरंटी कार्ड.
६. चालू करून दाखवा.

लाईट नसेल तर पहिले पाच भाग लगेच उरका. लाईट आली की दुसरा व्हिडिओ काढा, पण त्याची सुरुवात पुन्हा सिरीयल नंबरपासून करा. विजेची वस्तू इन्व्हर्टरवर किंवा लांबलचक एक्स्टेंशनवर लावून तपासू नका. "व्होल्टेजमुळे बिघडली" हे उत्तर तयार असतं. घरातल्या साध्या सॉकेटवर लावा.

लोखंडी वस्तूंचे स्क्रू, सांधे, वेल्डिंग यांचे फोटो पहिल्याच दिवशी काढा. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. आठवड्याने तक्रार केली तर तो आधीपासून होता की तुमच्याकडे आल्यावर चढला, हे फोटोशिवाय सिद्ध होत नाही.

*थांबा:* वस्तू खराब आहे हे कळल्यावर ती वापरू नका, स्वतः उघडू नका, गावातल्या मेकॅनिकला दाखवू नका. सील तुटलं की दावा तिथेच अडकतो. खोकं, थर्माकोल, प्लॅस्टिक, सिलिकाची पुडी, सगळं जपा. बंबात घालून आंघोळीचं पाणी तापवलेली खोकी मला दर पावसाळ्यात ऐकायला मिळतात.

पायरी ३: तक्रार लेखी करा, आणि ॲपमधूनच

इथे एक गोष्ट सगळ्यांत आधी सांगतो, कारण यात वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातात. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे फसवणूक करणाऱ्यांनी टाकलेले नंबर असतात. समोरचा गोड बोलतो, "रिफंड पाठवतो, ही लिंक उघडा, स्क्रीन शेअरचं ॲप घ्या, यूपीआय पिन टाका" म्हणतो, आणि खातं रिकामं होतं. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. असं झालंच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. संध्याकाळपर्यंत थांबू नका.

आता तक्रार. ॲपमध्ये "माझ्या ऑर्डर" मध्ये जा, ती ऑर्डर उघडा आणि रिटर्न किंवा मदत हा पर्याय निवडा. चॅटवर बोलणं झालं तर स्क्रीनशॉट घ्या. फोनवर बोलणं झालं तर लगेच ईमेलने किंवा चॅटवर लिहा की "आज अमुक वाजता तुमच्या प्रतिनिधीने असं सांगितलं." प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणं त्यांना बंधनकारक आहे. क्रमांक मिळाल्याशिवाय संभाषण बंद करू नका.

मजकूर छोटा असावा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी असा लिहून देतो:

"ऑर्डर क्रमांक अमुक. मिक्सर दिनांक अमुक रोजी मिळाला. त्याच दिवशी उघडून चालवला असता मोटर चालते, पण मोठ्या भांड्याचं पातं फिरत नाही. सिरीयल नंबर अमुक. व्हिडिओ आणि तीन फोटो जोडले आहेत. वस्तू सदोष असल्याने पूर्ण रक्कम परत हवी आहे. परत नेण्याची तारीख कळवावी."

शिव्या, "तुम्ही चोर आहात", पाच ओळींची कहाणी, काही नको. वस्तू कोणती, दोष काय, कधी कळला, हवं काय. बस्स. बदलून दिली तर चालेल की पैसेच हवेत, हे आधी ठरवा. एकदा "बदली" निवडून दुसरीही वस्तू खराब आली, तर तिचाही व्हिडिओ तितकाच नीट काढायचा आणि या वेळी पैसेच मागायचे. मी तिसऱ्यांदा बदलून घ्यायला कोणाला सांगत नाही.

ऑर्डर मुलाच्या खात्यावरून असेल तर तक्रारही त्याच खात्यावरून जाते. तेव्हा गावाकडच्यांनी व्हिडिओ आणि फोटो त्याच दिवशी मुंबईला पाठवावेत. व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवला तर व्हिडिओ बारीक होतो आणि सिरीयल नंबर पुसट दिसतो. घरात रेंज नसेल तर टेकाडावर जाऊन पाठवा, पण दिवस चुकवू नका.

*तपासा:* ऑर्डर क्रमांक, तक्रार क्रमांक, मिळाल्याची तारीख, तक्रारीची तारीख. या चार गोष्टी एका कागदावर लिहिलेल्या आहेत का? बिलाची पीडीएफ डाउनलोड करून ठेवली का?

पायरी ४: वस्तू परत न्यायला माणूस येतो तेव्हा

आपल्याकडे सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. कुरिअरवाला पाखाडीखालून फोन करतो, रेंज नसते, फोन लागत नाही, तो "ग्राहक घरी नाही" अशी नोंद करून निघून जातो. असं दोन-तीनदा झालं की रिटर्न आपोआप रद्द होतं आणि तोवर मुदतही संपलेली असते.

म्हणून तारीख ठरली की पत्त्यात ओळखीची खूण आणि दुसरा चालणारा नंबर घाला. माणूस आलाच नाही आणि ॲपमध्ये मात्र "प्रयत्न केला" दिसलं, तर त्याच दिवशी चॅटवर लिहा: "आज दिवसभर घरी होतो, फोन आला नाही." सोबत कॉल लॉगचा स्क्रीनशॉट. दुसऱ्या दिवशी लिहिलं तर त्याला वजन राहत नाही.

तो "स्टँडवर आणून द्या" म्हणाला तर द्यायला हरकत नाही, पण खालचं पाळा.

• देण्याआधी वस्तू, सिरीयल नंबर आणि बांधलेलं खोकं यांचा व्हिडिओ.
• सोबत आलेली प्रत्येक गोष्ट आत. एक झाकण कमी असलं तरी परत धाडतात.
• ॲपमध्ये "पिकअप झालं" असं दिसल्यावर किंवा पावती हातात आल्यावरच वस्तू सोडा. "संध्याकाळी अपडेट करतो" यावर सोडू नका.
• मोबाइल किंवा लॅपटॉप असेल तर आपलं खातं काढून टाका आणि डेटा पुसा.

पिकअप नाही आणि स्वतःच पाठवा म्हणाले, तर आधी दोन गोष्टी लेखी मागा: पाठवायचा पत्ता आणि टपालखर्च भरून देण्याचं आश्वासन. मग स्पीड पोस्टने पाठवा. पावतीचा फोटो लगेच काढा. ती शाई चार-सहा महिन्यांत उडून जाते.

पायरी ५: पैसे खरंच आले का

"रिफंड दिला" असा मेसेज आला म्हणजे पैसे आले असं नाही. ऑनलाइन भरले असतील तर ते ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने येतात. ॲपच्या वॉलेटमध्ये घेऊ का विचारलं तर बँकेत मागा. रोख देऊन घेतली असेल तर खात्याचा तपशील फक्त ॲपमध्ये भरा, फोनवर कोणाला सांगू नका.

सांगितलेल्या मुदतीत पैसे दिसले नाहीत तर संदर्भ क्रमांक मागा. यूपीआय किंवा बँकेने आले असतील तर यूटीआर, कार्डावर असतील तर एआरएन. तो क्रमांक घेऊन बँकेत गेलं की तिथला माणूस शोधून देतो. क्रमांकाशिवाय गेलात तर "आलेले नाहीत" एवढंच ऐकून परत याल. हप्त्यांवर घेतलं असेल तर कर्ज बंद झाल्याचा कागदही मागा, नाहीतर वस्तू परत जाते आणि हप्ता कापला जात राहतो.

पायरी ६: नकार आला किंवा उत्तरच नाही

आता क्रमाने वर चढायचं.

१. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. पानाच्या अगदी तळाशी सापडतो. त्याला ईमेल करा आणि आधीचा तक्रार क्रमांक लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्याच ईमेलमध्ये विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणि ईमेलही मागून ठेवा. लेखी मागितल्यावर मंचाला, म्हणजे ज्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून वस्तू घेतली त्या कंपनीला, तो द्यावा लागतो, आणि पुढे नोटिशीला लागतोच.

२. उत्तर समाधानाचं नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं, ॲप आणि संकेतस्थळावरूनही तक्रार घालता येते. इथून कंपनीकडे तक्रार जाते आणि बरेचदा एवढ्यावरच काम होतं. मात्र हे न्यायालय नव्हे. हेल्पलाइन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही. तिचं उत्तर जपून ठेवा, पुढे जोडायला लागेल.

३. कार्डाने पैसे भरले असतील तर याच काळात बँकेकडे लेखी वाद नोंदवा. त्याला चार्जबॅक म्हणतात. त्याची मुदत वेगळी असते, म्हणून बाकीच्या उत्तरांची वाट बघत बसू नका.

मुदत उलटून गेली असेल तर

काकींच्या मिक्सरसारखं झालं असेल तर रिटर्नवर डोकं आपटू नका, वॉरंटीकडे वळा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तक्रार द्या आणि जॉब शीट (वस्तू तपासणीला घेतल्याचा आणि दोष लिहिलेला कागद) घेतल्याशिवाय वस्तू सोडू नका. तंत्रज्ञाला दोष स्पष्ट लिहायला सांगा. "चेक केलं" एवढ्याने काही होत नाही. "तुमच्या भागात सेवा नाही" असं म्हणाले तर तेही लेखी घ्या. नवीकोरी वस्तू पहिल्यापासून बंद असेल तर काही कंपन्या डीओए (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे आली तेव्हाच बंद) प्रमाणपत्र देतात. त्यावर बदली वस्तू किंवा पैसे मिळू शकतात.

काकींना कपलर (मोटर आणि भांड्याचं पातं जोडणारा भाग) बदलून मिळाला, पैसे नाहीत. मुदत संपल्यावर अनेकदा असं दुरुस्तीवरच मिटतं.

इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवरून घेतलं असेल तर

इथे मधे मंच नाही, बहुतेक वेळा बिलही नाही. विक्रेत्याचं प्रोफाइल, सगळं चॅट, यूपीआयचं नाव आणि व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट आधी काढा, भांडण नंतर करा. भांडण सुरू झालं की ब्लॉक करतात आणि काही दिसत नाही. पैसे घेऊन माल दिलाच नाही किंवा भलतंच पाठवून नंबर बंद केला, तर तो सायबर फसवणुकीचा विषय: १९३० आणि पोलीस ठाणं.

पायरी ७: नोटीस आणि ग्राहक आयोग

नोटीस साध्या मराठीत, एका पानात, पंधरा दिवसांची मुदत देऊन. एक प्रत विक्रेत्याला, एक मंचाला; दोन्ही स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही.

मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. रायगडसाठी अलिबाग, रत्नागिरीसाठी रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी ओरोस. विक्रेता दिल्लीचा असो नाहीतर सुरतेचा, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वस्तू मुलाने घेतली आणि त्याच्या संमतीने आई वापरत असेल तर आईसुद्धा कायद्याने ग्राहकच आहे, म्हणजे ती ओरोसला तक्रार करू शकते. वस्तूसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते, आणि दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची विनंतीही करता येते.

कागद या क्रमाने लावा: अनुक्रमणिका, तारखांचा तक्ता, तक्रार, प्रतिज्ञापत्र, बिल, वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट, फोटो, चॅट आणि ईमेल, १९१५ चं उत्तर, नोटीस आणि तिची पोच. तारखांचा तक्ता मनापासून करा. पायरी ३ मधला तो चार गोष्टींचा कागद इथे उपयोगी पडतो.

विक्रेता आणि मंच दोघांनाही पक्षकार करा. उत्पादनातला दोष असेल तर वस्तू बनवणाऱ्या कंपनीलाही. मागणी करताना वस्तूची किंमत, व्याज, त्रासाबद्दल भरपाई आणि खर्च. तीन हजारांच्या पंख्यासाठी पाच लाख मागू नका, तक्रारीचं वजन जातं.

दोन चुका इथे नेहमी होतात. एक, दोन वर्षांची मुदत. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे, आणि कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. दोन, धंद्यासाठी घेतलेली वस्तू. पुन्हा विकायला किंवा व्यापारी वापराला घेतली असेल तर तुम्ही ग्राहक ठरत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर ठरता. आपल्या आंबा-काजूच्या बागेत स्वतः गवत काढायला घेतलेला ग्रासकटर असेल, तर तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा: "उपजीविकेसाठी, स्वतः वापरण्यासाठी." हे वाक्य राहिलं तर समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच करतो.

कायद्यात निकालाला तीन महिने आणि तपासणी लागणार असेल तर पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागू शकतात. सहाशे रुपयांच्या वस्तूसाठी मी लोकांना १९१५ पर्यंत नक्की जायला सांगतो. त्यापुढे जायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. दहा-पंधरा हजारांची वस्तू असेल तर मात्र सोडू नका.

वस्तू अजून तुमच्याकडे असेल तर प्रकरण मिटेपर्यंत ती तशीच ठेवा. आयोग ती सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवायला सांगू शकतो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, जमिनीवर न ठेवता माळ्यावर किंवा फळीवर ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की ती कोणी चालू करायची नाही.